नळी बदलता येणारा जुना रिव्हॉल्वर घ्यावा का? (डॅन वेसन .३५७, चार नळ्यांची पेटी)

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)
राम राम मंडळी. आर्वी तालुक्यात आमची थोडी संत्र्याची बाग आणि बाकी कोरडवाहू. परवान्यावर आजोबांपासून चालत आलेली बारा बोअर आहे. दुसऱ्या हत्याराची मंजुरी नुकतीच मिळाली, त्यात ‘एनपीबी रिव्हॉल्वर’ (म्हणजे बिगरप्रतिबंधित बोअरचा) असं लिहिलंय. कानपूरच्या सरकारी कारखान्याचा .३२ घ्यायचा असंच डोक्यात होतं.

पण मध्येच एक वेगळीच वस्तू समोर आली. भंडाऱ्याकडच्या एका जुन्या मालगुजार घराशी आमचा घरोबा आहे. त्यांच्यातले मोठे काका ७० च्या दशकात अमेरिकेत होते. परत येताना रीतसर कस्टममधून एक रिव्हॉल्वर घेऊन आले होते. काका वारले, काकूंनी तो नागपूरच्या एका डीलरकडे जमा केलाय आणि आता विकायचा म्हणतात. पाहून आलो. ब्रीफकेससारखी पेटी, आत डॅन वेसन १५-२, .३५७ मॅग्नम. सोबत अडीच, चार, सहा आणि आठ इंची अशा चार नळ्या, लाकडी मूठ, एक विचित्र चावी आणि पत्र्याची पातळ पट्टी. डीलर म्हणतो, नळी घरच्या घरी बदलता येते. मागणी काही लाखांची आहे.

अशी वस्तू कोणी वापरली आहे का? जुनी घेताना काय पाहायचं? आणि चार नळ्यांचं कागदोपत्री काय होतं? इथं ठाणेदार साहेबांना विचारलं, तर तेच माझ्याकडे पाहू लागले.

नांगरफाळ
भाऊ, पयले हे सांगा, वावरात रिव्हॉल्वर कायले पाह्यजे? डुकरं का रिव्हॉल्वरनं पयतात? आमच्याकडे झटका मशीन लावली तेव्हापासून जागलीचा ताप अर्धा कमी झाला. रोही तरी कुदून येतेच, त्याले कोन काय करणार.

धुऱ्यावरचा
नांगरफाळ भाऊ, डुकरांसाठी नाही. मंजुरी स्वसंरक्षणाची आहे. बागेच्या हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-बेरात्री यावं लागतं.

मास्तर_उमरेड
नांगरफाळ यांचा मुद्दा तरी नोंदवून ठेवतो, कारण असे धागे वाचून पोरं भलतंच समजतात. हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात. पिकासाठीचा बंदुकीचा परवाना वेगळा असतो आणि तो ठासणीच्या बंदुकीसारख्या हत्याराचा असतो. रिव्हॉल्वरचा त्याच्याशी संबंध नाही.

ओहायोतला_वणीकर
वणीचाच आहे, बरीच वर्षं इकडे. माझ्याकडे १५-२ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घराणं. स्मिथ अँड वेसन मधला जो वेसन, त्याच्या पणतवाने, म्हणजे दुसऱ्या डॅनियल वेसनने, १९६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्सन गावी वेगळी कंपनी काढली. नळी बदलण्याची कल्पना कार्ल लुईस या डिझायनरची. पुढे कंपनीने बरेच धक्के खाल्ले. कारखाना मॉन्सनहून पामरला गेला, तिथं दिवाळं निघालं, १९९६ मध्ये नवा मालक आला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विचला हलला. २००५ पासून ती सीझेड-यूएसएकडे आहे. तुमच्या काकांचा नग ७० च्या दशकातला म्हणजे मॉन्सनचा. इथले शौकीन मॉन्सनच्या मालाला जास्त मान देतात आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

आता रचना. साध्या रिव्हॉल्वरची नळी फ्रेममध्ये घट्ट आवळून बसवलेली असते, ती काढणं म्हणजे गनस्मिथचं काम. यात तुम्हाला बाहेरून जी जाड नळी दिसते, ती नळी नाहीच. ते नुसतं कवच आहे, त्याला श्राउड म्हणतात. खरी नळी आत, बारीक, दोन्ही टोकांना आटे असलेली. एक टोक फ्रेममध्ये फिरवून बसवायचं, त्यावर कवच सरकवायचं, मग तोंडाशी नट लावून चावीने आवळायचं. आवळल्यावर नळी दोन्ही टोकांना ताणलेली राहते आणि नेम चांगला येण्याचं एक कारण हेच सांगतात. धातूची जनावरं लांबून पाडायच्या सिल्हूट स्पर्धांमध्ये हे रिव्हॉल्वर म्हणूनच गाजले.

आणि ती पत्र्याची पट्टी हरवू नका! पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

गॅरेज_पुलगाव
फिलर गेज असल ते.

ओहायोतला_वणीकर
बरोबर, फिलर गेजच. सिलिंडरचा चेहरा आणि नळीचं मागचं टोक यांत किती फट ठेवायची, ते त्यावर ठरतं. कंपनी ६ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी द्यायची, म्हणजे अंदाजे ०.१५ मिलिमीटर. पट्टी मध्ये धरून नळी तिला टेकेपर्यंत फिरवायची, मग कवच, मग नट. नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहायची, कारण आवळताना माप किंचित सरकतं. मग सिलिंडर हाताने फिरवून सहाही घरांवर (गोळ्या बसतात त्या भोकांवर) मोकळा फिरतो का ते बघायचं.

गॅरेज_पुलगाव
म्हणजे ट्रॅक्टरचा टॅपेट लावतो तसंच. हे तर आमचं रोजचं काम. फट कमी ठेवली तर काय होते?

ओहायोतला_वणीकर
गोळ्या झाडत गेलं की सिलिंडर तापतो, तोंडावर काजळी साचते आणि तो नळीला घासून जाम होतो. स्वसंरक्षणाच्या हत्याराला ते चालत नाही. फट जास्त ठेवली तर बाजूने गरम वायू आणि शिशाचे कण उडतात, वेगही जातो. नेमबाज लोक फट कमी करून घेतात. तुम्ही त्या फंदात पडू नका, ६ थाऊच ठेवा.

बाभूळबन
हे सगळं ठीक. पण .३५७ आपल्याकडे चालतो का? मी तर ऐकलं की ३८ बंदी आहे, आणि .३५७ मध्ये ३८ ची गोळी जाते.

निवृत्त_कचेरी
शस्त्र परवान्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. नियमातलं वाक्य कॅलिबरच्या नावावर नाही, काडतुसावर आहे. .३८० किंवा .४५५ चं रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) काडतूस, किंवा लष्करी ९ मिमी अथवा .४५ चं बिनरिमचं काडतूस, ज्या रिव्हॉल्वर-पिस्तुलात बसून झाडता येतं, ते प्रतिबंधित बोअरमध्ये. .३८० म्हणजे इंग्रजांच्या काळातलं, वेब्ले रिव्हॉल्वरचं. त्याची केस, म्हणजे पितळी टरफल, बुडाशी जाड असते, .३५७ च्या घरात ती शिरत नाही. म्हणून .३५७ मॅग्नम बिगरप्रतिबंधित, म्हणजे एनपीबी, मध्ये धरला जातो. .३८ स्पेशल त्यात बसतं हे खरं, पण ते वेगळं काडतूस. लोक दोन्हींना सरसकट ‘अडोतीस’ म्हणतात आणि गोंधळ होतो.

तरीही धागाकर्त्यांनी कलेक्टर कचेरीत परवान्यावर बोअरची नोंद ‘.३५७’ अशी स्पष्ट करून घ्यावी. तोंडी ‘चालतंय’ वर लाखो रुपये घालू नयेत.

बाभूळबन
आणि नळ्या?

निवृत्त_कचेरी
त्यावर जरा थांबा, तेच मोठं प्रकरण आहे. घरी कार्य आहे, उद्या लिहितो.

सोयाबीनवाला
नळी बदलायची सोय एकदम झकास! घरात अडीच इंची, बागेत आठ इंची. लग्नात तर विचारूच नका, आठ इंची काढली की वरात गप्प!

मास्तर_उमरेड
सोयाबीनवाले, गंमत समजली. पण लग्नात हवेत बार काढला की आता दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलंय.

सोयाबीनवाला
मास्तर, माह्याकडे तर गोफण बी नाही.

निवृत्त_कचेरी
आता सविस्तर.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. अमेरिकेत नळी हा लोखंडाचा तुकडा असेल, आपल्याकडे ती स्वतंत्रपणे शस्त्र आहे. हत्याराचा नंबर फ्रेमवर असतो आणि परवान्यावर तेवढाच चढतो. मग उरलेल्या तीन नळ्या कोणत्या परवान्यावर आहेत, असं कोणी विचारलं तर उत्तर कागदावर असायला हवं.

म्हणून पहिलं काम: काकांच्या जुन्या परवान्यात आणि कस्टमच्या कागदात काय लिहिलंय ते पाहा. ‘चार नळ्यांसह’ असं कुठे असेल तर तुमचं नशीब. ती भाषा जशीच्या तशी तुमच्या नोंदीत उतरवून घ्या. नुसतं ‘एक रिव्हॉल्वर, नं. अमुक’ असेल, तर आधी लेखी अर्ज द्या, परवाना अधिकाऱ्याचा लेखी आदेश घ्या, मगच व्यवहार करा. जमत नसेल तर एक नळी बसवून तेवढीच घ्या आणि बाकीच्या डीलरकडेच राहू द्या. तुमच्या देवघराच्या कपाटात बिननोंदीच्या तीन नळ्या नकोत.

दुसरा मुद्दा कलम ६. बंदुकीची नळी आखूड करायला परवाना लागतो. आता आठ इंची काढून अडीच इंची लावणं म्हणजे नळी आखूड करणं का? माझ्या वाचनाप्रमाणे ते कलम कापण्याबद्दल आहे. पण पंचनामा करणारा हवालदार माझं वाचन विचारणार नाही. नोंदीत चारही लांब्या आल्या की हा वाद उरत नाही.

गॅरेज_पुलगाव
काका, एक विचारतो. ती चावी हरवली तर बुटीबोरीच्या लेथवर करून घेता येईल?

निवृत्त_कचेरी
चावी करा, ती पाना आहे. नळीला मात्र कोणत्याही लेथवाल्याचा हात लागू देऊ नका. बनवणं सोडा, दुरुस्तीलाही परवाना लागतो. घासून द्या, आटे काढून द्या म्हणून दिली तर तो बिचारा आणि तुम्ही, दोघंही आत.

ओहायोतला_वणीकर
याला जोडून: मला दरवर्षी कोणी ना कोणी फोन करतं, ‘येताना बॅगेत एखादी नळी टाकून आण’. मी ज्या राज्यात राहतो तिथं नळी टपालाने घरी येते, नागपूरच्या विमानतळावर मात्र ती शस्त्राचा भाग असते. मला विचारू नका, आणि दुसऱ्या कोणालाही विचारू नका.

पेंचवाला
मुळात इतके पैसे कशाचे लागतात ते कोणी बोलेना. हीच वस्तू तिकडे साधी सेकंडहँड आहे. आपल्याकडे ८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला विदेशी हत्यार आयात करणं बंद झालं, त्यामुळे त्याआधी आलेला माल फिरत राहतो आणि दर फिरणाराच ठरवतो. तुम्ही लोखंडाचे नाही, बंद दाराचे पैसे देताय.

शिवाय काडतुसं. .३२ ची आपल्या आयुध निर्माणीची मिळतात, सहज नाही तरी मिळतात. .३५७ ची आयातीची, मिळाली तर मिळाली, आणि एका गोळीच्या दरात सालदाराची मजुरी निघेल. सराव न करता स्वसंरक्षणाचं हत्यार जवळ बाळगण्यात काय अर्थ आहे ते मला कळत नाही. त्यापेक्षा कानपूरचा .३२ घ्या, वर्षाला चार डब्या वाजवा.

ओहायोतला_वणीकर
पेंचवाला यांच्याशी अर्धा सहमत. सरावासाठी .३८ स्पेशल हा मार्ग असतो. केस अंदाजे साडेतीन मिलिमीटरने आखूड, धक्का निम्म्यावर. पण ती झाडली की घराच्या पुढच्या भागात कचऱ्याचं कडं साचतं आणि मग लांब .३५७ अडकते. ब्रशने घासून काढावं लागतं. तुमच्याकडे .३८ विकत घेता येईल का हे कचेरीवाले काका सांगतील.

निवृत्त_कचेरी
परवान्यावर जे काडतूस लिहिलंय तेच मिळतं. विषय संपला.

बाभूळबन
मग चार नळ्यांचा उपयोग काय राहिला? अडीच इंची नळीत .३५७ म्हणजे नुसता जाळ आणि आवाज, वेग तर वायाच. आठ इंची कंबरेला लावून मोटारसायकलवर बसता येत नाही.

ओहायोतला_वणीकर
चार इंची. बाकीच्या कागदावर ठेवा आणि तेल लावून पेटीत ठेवा. मीही सहा इंची लावली ती काढलेली नाही. लोक पेटी घेतात चार नळ्यांसाठी आणि वापरतात एक. इथेही तसंच आहे.

तुम्ही जुना नग पाहायला जाल तेव्हा: आधी सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री. कानपूरचा .३२ मधून मोडून उघडतो, याचा सिलिंडर बाजूला निघतो. पण तो उघडायचा खटका अंगठ्याजवळ शोधू नका. तो पुढे, सिलिंडरच्या पुढच्या बिजागरावर आहे, खाली दाबायचा. नवीन माणूस नेहमी मागे चाचपडतो. त्या जागी कुलूप असल्याने सिलिंडर पुढून घट्ट धरला जातो, ही याची जमेची बाजू.

मग घोडा (मागचा हातोडा, चाप नव्हे) हळूहळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी सिलिंडर जागेवर लॉक झाला पाहिजे, सहाही घरांवर. एकावरही मागे राहिला तर टायमिंग गेलंय. सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहा. पुढे-मागे जास्त हलत असेल तर फिलर गेजचं माप खोटं ठरतं, कारण फट प्रत्येक वेळी वेगळी निघेल. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या बरोबर वर, जळून खाच पडली आहे का पाहा. थोडी असतेच, आणि बहुधा ती एका मर्यादेवर थांबते. खोल असेल तर भरपूर मॅग्नम झाडलाय असं समजा. नळीच्या मागच्या तोंडाशी भेगा किंवा खाल्लेला भाग नको.

आणि या रिव्हॉल्वरची खास जागा: नटाच्या खाचा. कोणी पकड किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून नट आवळला असेल तर खाचा कुरतडलेल्या दिसतात. ज्याने नट पकडीने फिरवला, त्याने फट कधी मोजली नसणार. चारही नळ्यांचे आटे बोटाने तपासा. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये नट तोंडाबाहेर दिसतो, १५-२ मध्ये तो कवचाच्या आत बसतो. पेटीत दोन्ही प्रकारची सरमिसळ असेल तर ती पेटी नंतर जुळवलेली आहे.

मूठ खालून एका बोल्टने लागते, ती नंतर कशीही बदलता येते. तडकलेली असली तरी चालेल, त्यावर दर मात्र नक्की पाडा!

धुऱ्यावरचा
मंडळी, डीलरकडे पुन्हा जाऊन आलो, गॅरेज_पुलगाव भाऊंना सोबत नेलं. ते आपलं फिलर गेजही घेऊन आले होते, डीलर हसायला लागला.

सहाही घरं वेळेत लॉक होतात. वरच्या पट्टीवर खाच आहे, पण नखाला जेमतेम लागते. चार इंची आणि सहा इंचीचे आटे स्वच्छ. आठ इंची बहुतेक कधी लागलीच नसावी, आतून कोरी आहे. अडीच इंचीच्या नटाच्या खाचा मात्र कुरतडलेल्या, काकूंनाही त्याचं कारण माहीत नाही. सध्या सहा इंची लावलेली आहे आणि फट भाऊंच्या मापाने ६ थाऊच्या वर निघाली.

गॅरेज_पुलगाव
जवळपास १० थाऊ. पट्टी ढिली पडत होती. नळी तशी ठीक हाये, बसवणाऱ्यानं मापलं नसल.

ओहायोतला_वणीकर
मग चिंता नको, पुन्हा बसवली की झालं. पण नोंद तुमच्या नावावर होईपर्यंत ते डीलरच्या माणसानेच करावं. अडीच इंचीचा दर काढून टाका.

धुऱ्यावरचा
आणि कागद सापडले. काकांच्या जुन्या परवान्यात टाइपरायटरने ‘विथ फोर बॅरल्स’ असं लिहिलंय! कस्टमच्या पावतीवरही चार नळ्या आहेत. पेटीत काकांची जुनी काडतुसं पण होती, ती डीलरने वेगळी काढून ठेवलीत.

निवृत्त_कचेरी
मग तुमचं काम निम्मं झालं. जुन्या काडतुसांचा मोह धरू नका. इतकी वर्षं कशी ठेवली होती कोणाला माहीत, आणि ती तुमच्या नावावरही नाहीत.

काकूंना एक निरोप द्या. परवानाधारक गेल्यावर हत्यार ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करणं बंधनकारक असतं, ते त्यांनी केलं. पण जमा केलेलं हत्यार ठरावीक मुदतीत विकलं किंवा वारसाच्या नावावर केलं नाही, तर ते सरकारजमा होतं. तेव्हा भावावरून महिनोन्‌महिने ताणू नका, दोघांचंही नुकसान.

व्यवहार खाजगी असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. पोचपावती घ्यायला विसरू नका. मग हत्यार तुमच्या ताब्यात आलं की परवाना आणि हत्यार दोन्ही घेऊन नोंदीला जा. बारा बोअर धरून तुमची दोन हत्यारं पूर्ण होतात. २०१९ च्या आधी तीन चालायची, आता नाही. पुढे कानपूरचा .३२ घ्यावासा वाटला तर यातलं एक आधी काढावं लागेल.

पेंचवाला
म्हणून म्हणत होतो.

नांगरफाळ
आन निवडणूक लागली का ठाण्यात जमा करा लागते, हे बी सांगा त्याले. मागच्या खेपेस आमच्या गावातल्या बंदुका एका खोलीत भिंतीले टेकून उभ्या ठेवल्या होत्या, वरून पाणी गळत होतं.

निवृत्त_कचेरी
नांगरफाळांचं खरं आहे. आचारसंहितेत छाननी समितीने (कोणाचं हत्यार जमा करायचं ते ठरवणारी) सांगितलं तर जमा करावंच लागतं. ठाण्याऐवजी परवानाधारक डीलरकडे जमा करायची सोय असते, शुल्क लागतं, पण विदेशी निळ्या पॉलिशच्या हत्याराला ते बरं. पेटीसकट जमा करा, आणि पावतीवर चार नळ्या लिहून घ्या. परत घेताना चार मोजा.

ओहायोतला_वणीकर
पावसाळ्यात कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि निळं पॉलिश जिथं टेकतं तिथं गंजतं. वर्षातून एकदा नळी उतरवून आटे पुसून हलकं तेल द्या, नाहीतर नट आणि नळी एकमेकांना धरतात. नळी नटाशिवाय किंवा कवचाशिवाय असताना गोळी कधीच नाही, कितीही घाई असली तरी.

धुऱ्यावरचा
काकूंशी बोललो. अडीच इंचीच्या नटाबद्दल थोडा दर कमी केला, अर्ज सोमवारी टाकतो. चार इंची लावून घेणार.

सोयाबीनवाला
मंग आठ इंची आम्हाले पाहाले तरी येऊ द्या.

धुऱ्यावरचा
नोंद झाली की या. चहा आमच्याकडे, संत्री पण.